इंग्लंडमध्ये लेकराचं ताट: पहिल्या घासापासून शाळेच्या डब्यापर्यंत, नव्या मराठी आयांसाठी

आमचा मुलगा १३ महिन्यांचा असताना नर्सरीत जायला लागला. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याला आणायला गेले, तर तिथली एक जण दारातच म्हणाली, "आज दिवसभर आईची आठवण काढत होता बिचारा. सारखा मम, मम करत होता." मी कामावर परत जाऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. ते ऐकून पोटात कालवलं. बसमध्ये त्याला मांडीवर घेतलं, तर तो परत "मंमं" म्हणाला आणि माझ्या पिशवीकडे हात केला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मला तो "आई" म्हणायचा. त्यांच्या इंग्रजीत मम म्हणजे आई, आपल्याकडे मंमं म्हणजे जेवण. लेकरू दिवसभर भूक लागली म्हणून सांगत होतं आणि त्या बिचाऱ्या त्याला कडेवर घेऊन "आई येईल हं आता" अशी समजूत घालत होत्या.

त्यांची काही चूक नव्हती. तो शब्द मी त्यांना सांगितलाच नव्हता.

तेव्हापासून इकडे नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी आईला मी हेच सांगते: आपल्याकडे जे न बोलता कळतं, ते इथे लिहून द्यावं लागतं. मूल काय खातं, कसं खातं, खाण्याला काय म्हणतं, काय खात नाही. लिहून दिलंत तर माणसं मनापासून पाळतात. नाही दिलंत तर स्वतःच्या समजुतीने वागतात, आणि मग आपण घरी येऊन रडतो. खालची माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शाळेच्या जेवणाचे नियम वेगळे आहेत.

आधी हे जमवून ठेवा

- बाळाचं लाल पुस्तक. आरोग्याची ही नोंदवही बाळाच्या जन्माच्या आसपास मिळते. वजन, लसी, तपासण्या सगळं त्यात असतं. डॉक्टर, हेल्थ व्हिजिटर (लहान बाळांची विचारपूस करणारी सरकारी नर्स), नर्सरी, कुठेही जाताना बरोबर ठेवा.
- आहाराची एक पानाची चिठ्ठी. कशी लिहायची ते पाचव्या पायरीत आहे.
- बाळाच्या शब्दांची यादी.
- इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर. भाड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी निघाली, तर भारतातून आणलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही.
- मिक्सर. भारतातला चालतो, वीज दोन्हीकडे २३० व्होल्टचीच आहे. प्लग मात्र बदलावा लागतो.
- रुंद तोंडाचा, अन्न गरम ठेवणारा छोटा थर्मास. हा शाळा सुरू झाल्यावर लागेल.

१. बाळंतपणाआधी सामान भरा, आणि दुकानातली नावं शिकून घ्या

इथली बहुतेक भारतीय दुकानं गुजराती मंडळींनी उभी केलेली आहेत. लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड किंवा वेम्बलीचा ईलिंग रोड एकदा फिरून या, म्हणजे लक्षात येईल. तिथे आपलं जवळजवळ सगळं मिळतं, पण आपल्या नावाने मिळत नाही. पहिल्या महिन्यात मी पोहे शोधत तीन दुकानं हिंडले. पोहे प्रत्येक दुकानात होते, पाकिटावर "पवा" लिहिलेलं होतं.

म्हणून ही नावं लक्षात ठेवा. कुरमुरे म्हणजे ममरा. डिंक म्हणजे गुंदर. ओवा म्हणजे अजमो, बाळंतशेप म्हणजे सुवा, राजगिरा म्हणजे राजगरो, वरी म्हणजे मोरैयो. आळीव हवे असतील तर असाळियो म्हणून विचारा. नाचणीचं पीठ रागीच्या नावाने मिळतं आणि मटकी "मोठ" म्हणून. तूरडाळ घेताना पाकीट नीट वाचा, तेल लावलेली आणि बिनतेलाची अशा दोन्ही असतात. तेलाची घेतलीत तर कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवा. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र मला इथे मनासारखं कधी मिळालं नाही. ते घरून आणा.

इथे एक सापळा आहे. भारतातून येताना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. साजूक तूप, खवा, पेढे, बर्फी, काहीच नाही. विमानतळावर सापडलं तर जप्त होतं. आईने घरी कढवलेलं तूप असं डोळ्यांदेखत जाण्यापेक्षा तूप इथेच करा. कोणत्याही सुपरमार्केटमधल्या २५० ग्रॅमच्या दोन वड्या घ्या, मात्र लोणी बिनमिठाचंच हवं. मिठाच्या आणि बिनमिठाच्या वड्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात आणि कागद जवळपास सारखाच दिसतो. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. आधी पांढरा फेस येईल आणि तडतड आवाज येत राहील, तो पाणी उडून जातानाचा. आवाज मंदावला की पातेल्यापासून हलू नका. बेरी बदामी झाली, वास सुटला की लगेच उतरवा आणि गाळा. दोन वड्यांचं साधारण ४०० ग्रॅम तूप होतं. बाळंतपणाच्या आधीच्या आठवड्यात मी ते करत होते. त्या वासाने घर भरलं, तेव्हा या घरात पहिल्यांदा मला घरी असल्यासारखं वाटलं.

आता फोडणीचं. भाड्याच्या घरांत धुराचा अलार्म असतो आणि मिरचीची फोडणी बसली की तो ओरडतो. काहीजण त्याची बॅटरी काढून ठेवतात. तसं अजिबात करू नका. घरात लहान मूल असणार आहे. खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, मग फोडणी करा.

आई किंवा सासूबाई येणार असतील, तर त्यांना मिळणारा पाहुण्याचा व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त ६ महिने राहू देतो. प्रवासाचा विमा नक्की काढा, कारण पाहुण्यांना इथल्या सरकारी इस्पितळातले उपचार फुकट नसतात. नवऱ्याला बाळंतपणाची २ आठवडे रजा मिळत असेल, तर आईला ती रजा संपताना बोलवा. पहिले दिवस नवरा बघेल आणि तो कामावर गेला की घर रिकामं पडणार नाही.

२. स्वतःचं ताट आधी वाढा

ही पायरी मी मुद्दाम इतकी वर ठेवली आहे. आपल्याकडे बाळंतिणीला कुणीतरी गरम जेवण हातात देतं. इथे दुपारी १ वाजता घरात फक्त तुम्ही आणि बाळ. चार दिवस उभ्याने गार टोस्ट खाल्लं की अंगातलं बळ जातंच, पण मन त्याहून लवकर खचतं. मला हे कळायला दोन महिने लागले.

शेवटच्या महिन्यात डाळ शिजवून लहान डब्यांत गोठवून ठेवा. भाजी चिरून गोठवा. कुणी "काही मदत करू का" असं विचारलं, तर "नको, नको" म्हणू नका. "येताना चार पोळ्या घेऊन या" म्हणा. इथे आपली मराठी माणसं विखुरलेली आहेत, पण आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे, आणि इतर बऱ्याच शहरांतही मंडळं किंवा निदान एखादा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. बाळ पोटात असतानाच त्यात शिरून घ्या.

बाळ ६ ते ८ आठवड्यांचं झालं की तुमचीही तपासणी जीपीकडे, म्हणजे जिथे नाव नोंदवलंय त्या नेहमीच्या डॉक्टरकडे होते. तिथे टाक्यांबद्दल सांगतो तसं मनाबद्दलही सांगा. सारखं रडू येत असेल, झोप लागत नसेल, बाळाजवळ बसावंसं वाटत नसेल, तर तेच शब्द वापरा. इंग्रजीत जमणार नसेल तर भेट ठरवतानाच मराठी दुभाषा मागा. तो द्यायची जबाबदारी त्यांची आहे, पैसे पडत नाहीत. नवऱ्याला दुभाषा करू नका. काही गोष्टी नवऱ्यासमोर तोंडातून निघत नाहीत.

३. हेल्थ व्हिजिटरशी खरं बोला

बाळ १० ते १४ दिवसांचं झालं की हेल्थ व्हिजिटर घरी येते. पुढे ६ ते ८ आठवड्यांनी, वर्षाच्या सुमारास आणि दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान पुन्हा भेटी होतात. ती परीक्षा घ्यायला येत नाही. घर आवरण्यात वेळ घालवू नका, प्रश्न लिहून ठेवा.

लाल पुस्तकात वजनाचा आलेख असतो. आमच्या मुलाचं वजन ९ क्रमांकाच्या रेषेवर होतं. फोनवर हे सांगितलं तर तिकडे सगळे हादरले, मला दूधच कमी येतं असं ठरलं. त्या रेषेचा अर्थ एवढाच की शंभर बाळांत नऊएक बाळं त्याच्याहून हलकी असतात. बाळ आपली रेष धरून वाढतंय का, हे बघायचं असतं. ते रेषा सोडून खाली घसरत असेल तर काळजी करायची.

दोन वर्षांच्या भेटीआधी प्रश्नावली येते. मूल किती शब्द बोलतं हे त्यात विचारतात. अनेक आया फक्त इंग्रजी शब्द मोजतात आणि मूल बोलण्यात मागे आहे असा निष्कर्ष निघतो. मराठी शब्दही मोजा. "पाणी" हा शब्द आहे. "दे" हाही शब्द आहे. आणि कुणी "घरी फक्त इंग्रजी बोला" असा सल्ला दिला, तर तो मानू नका. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही.

४. पहिला घास

उष्टावण हौसेने करा, पण साधारण ६ महिने पूर्ण झाल्यावर. मऊ भात, मुगाचं वरण, तूप, नाचणीची पेज, शिजवून कुस्करलेलं गाजर, रताळं, हे सगळं इथल्या सल्ल्यातही चपखल बसतं. आपल्या आज्यांची पद्धत आणि इथली पद्धत जिथे वेगळ्या वाटेने जातात, तेवढंच सांगते.

वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही. मधातून होणारा बोट्युलिझम हा आजार तान्ह्या बाळांना गंभीर होऊ शकतो. मीठ पहिल्या वर्षात दिवसाला १ ग्रॅमहून कमी, म्हणजे वेगळं घालायचंच नाही. घरच्या वरणात मीठ-मसाला पडायच्या आधी बाळाची वाटी बाजूला काढा. साखर आणि गूळही नको. गाईचं दूध खिरीत, पेजेत चालतं, पण प्यायला मुख्य दूध म्हणून वर्षानंतरच. अख्खे शेंगदाणे, काजू, बदाम ५ वर्षांपर्यंत नाहीत, घशात अडकतात. बारीक कूट ६ महिन्यांनंतर देता येतं. शेंगदाणा, अंडं, तीळ असे पदार्थ एका वेळी एकच आणि थोडं थोडं सुरू करा. बाळाला इसब असेल किंवा आधीच कशाची ॲलर्जी निघाली असेल, तर आधी जीपीला विचारा. घुटी उगाळून द्यायची असेल तरी तसंच.

ड जीवनसत्त्वाचे थेंब विसरू नका. इथे ऊन कमी आणि आपली कातडी सावळी. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम द्यायचे असतात, आणि आईनेही १० मायक्रोग्रॅम घ्यायचे.

विरजणासाठी जिवंत जिवाणूंचं साधं दही घ्या, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. थंडीत भांडं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलंत तर रात्रभरात दही लागतं.

५. नर्सरीचा फॉर्म: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

मुलाला घेण्याआधी त्याचा आहार, आवडीनिवडी आणि ॲलर्जी विचारून घेणं नर्सरीला बंधनकारक आहे. फॉर्मवर त्यासाठी जेमतेम दोन ओळी असतात. आपण तिथे "शाकाहारी" लिहितो आणि सुटलो असं समजतो.

इथल्या शाकाहारात अंडं येतं. तुम्ही अंडं खात नसाल तर "अंडं नाही, केकमधलंही नाही" असं वेगळं लिहा. जिलेटिनही वेगळं लिहा. जेली, मार्शमॅलो आणि वाढदिवसाच्या पिशवीतल्या चघळायच्या गोळ्यांत ते असतं, आणि ते प्राण्यांपासून करतात. काही माणसांच्या मते मासा म्हणजे मांस नव्हे, म्हणून "मासा नाही" हेही लिहा. आणि घरी सगळं खात असाल, फक्त गोमांस नको असेल, तर तेवढंच स्पष्ट लिहा. शाकाहारी लिहून मुलाचं चिकन उगाच बंद करू नका.

आता उलटी बाजू. आपल्या जेवणात काय असतं हे आपल्यालाच नीट माहीत नसतं. इथल्या कायद्यात १४ ॲलर्जन्सची यादी आहे. त्यात शेंगदाणा आहे, तीळ आहे, दूध आहे, गहू आहे हे पटकन लक्षात येतं. पण मोहरीसुद्धा आहे. म्हणजे आपली प्रत्येक फोडणी त्या यादीत बसते. आणि बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे "हे तर फक्त वरण आहे, यात गहू कुठून येणार" असं कुणाला सांगण्याआधी हिंगाची डबी वाचा. नारळ त्या यादीत नाही.

शेंगदाण्याचं कूट हा आपला सगळ्यात मोठा प्रश्न. बहुतेक नर्सरी आणि शाळांत शेंगदाणे, सुकामेवा आणायला मनाई असते. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, दाण्याची चटणी लावलेली पोळी, यातलं काहीही डब्यात पाठवू नका. एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. मी सूर्यफुलाच्या बिया भाजून त्यांचं कूट करते. चव तीच येत नाही, पण खिचडी मोकळी होते आणि मुलाला आवडते. तिळाचंही चालतं का ते विचारून घ्या, काही ठिकाणी तेही नको असतं.

या सगळ्यासाठी फॉर्मला एक पान जोडा. मी असं लिहिते: पदार्थाचं आपलं नाव आधी, मग साध्या इंग्रजीत तो कसा असतो. "वरण-भात: पिवळ्या डाळीचं पातळ वरण, मऊ भात, वर तूप. तिखट नाही." "थालीपीठ: भाजलेल्या धान्यांच्या पिठाची जाड भाकरी." नुसतं "करी" लिहू नका. करी म्हटलं की तिखट असं इथे गृहीत धरतात आणि मग मुलाला तिखटच खायची सवय असेल असं समजतात. थालीपिठाला पॅनकेकही म्हणू नका. आपणच नाव गाळलं तर मूल ते कुठून शिकणार? आमच्याकडे तिथल्या बायका तीन आठवड्यांत "वरन" म्हणायला लागल्या. मुलाने ते ऐकलं आणि तो हसला. तो त्यांच्याकडे बघून हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या पानावर हेही लिहा: घरी हात धुऊन हाताने जेवतो, चमचा शिकतो आहे. हे न सांगता मूल वरणात हात घालतं, तेव्हा त्याला शिस्त नाही असा समज होतो.

६. शब्दांची यादी

दहाच शब्द द्या. जास्त दिले तर कुणी वाचणार नाही. मंमं, पाणी, दुदू, भूक, झाले, आणखी, गरम, शी, शू, नको. उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहा आणि पुढे अर्थ. भिंतीवर लावायला सांगा. सोडायला जाल तेव्हा एकदा त्यांच्यासमोर म्हणूनही दाखवा.

७. शाळेचा डबा

मूल ४ वर्षांचं झालं की त्यापुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनचा, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग सुरू होतो. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत रिसेप्शन, पहिली आणि दुसरी या तीन वर्गांना दुपारचं जेवण सगळ्यांनाच फुकट आहे, सप्टेंबर २०१४ पासून. शाकाहारी पर्याय असतो. माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं शाळेचं जेवण घेऊन बघा. इतर मुलांबरोबर तेच खाण्यात मुलाला आनंद असतो, आणि आईची सकाळ सुटते. यात आपलं काही हरवत नाही. संध्याकाळी घरी वरण-भात असतोच.

डबाच द्यायचा असेल तर शाळेत गरम करून मिळणार नाही असं धरून चाला. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी ओतून १० मिनिटं झाकून ठेवा, ते फेका, मग अगदी वाफाळतं अन्न भरा. भाताला विशेष जपा. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकायची आपली सवय इथे सोडा. खरं तर ती तिकडेही धोक्याचीच होती, कारण त्यात वाढणारे जिवाणू पुन्हा गरम केल्याने पूर्णपणे निरुपद्रवी होत नाहीत. भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये टाका, दिवसभरात संपवा आणि एकदाच गरम करा. द्राक्षं अख्खी देऊ नका, उभी चिरा.

एक दिवस मूल घरी येऊन म्हणेल, "हे देऊ नकोस, वास येतो म्हणतात." आमच्याकडे तो दिवस पहिलीत आला. मेथीचा पराठा होता. त्या क्षणी मला शाळेत जाऊन भांडावंसं वाटलं. गेले नाही. आधी त्यालाच विचारलं की तुला तो आवडतो का. आवडतो म्हणाला, पण शाळेत नको, घरी हवा. मग तसंच केलं. डब्यात भाजी-चीजचं सँडविच, आणि शाळेतून आला की गरम पराठा. बाईंना मी दोन ओळींची चिठ्ठी पाठवली, कुणाचं नाव न घेता. त्यांनी वर्गात सगळ्यांना आपापल्या घरचा आवडता पदार्थ चित्रात काढायला लावला. चिडवणं कुणा एकाकडून पुन्हापुन्हा होत असेल, तर मात्र चिठ्ठीवर थांबू नका. तारखा लिहून ठेवा आणि वर्गशिक्षिकेची वेळ मागून भेटा.

दिवाळीला वर्गासाठी काही पाठवायचं असेल तर आधी विचारा. अनेक शाळा घरचं घेत नाहीत, घटक छापलेलं बंद पाकीटच घेतात. मुलाच्या हट्टाने केलेल्या करंज्या कार्यालयातूनच परत आल्या, तर तो दिवस त्याला फार जड जातो.

शेवटचं काम वर्षातून एकदाच असतं. दर सप्टेंबरला वर्ग बदलतो, बाई बदलतात, आणि जुनी चिठ्ठी नव्या बाईंपर्यंत पोचेलच असं नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मुलाला शेजारी बसवून ती नव्याने लिहा. काय खायला लागला, काय सोडलं, ते त्यालाच विचारा.